स्प्रेड हलला की काय करायचं? एनबीएची लाइन वाचायची रीत

"दादा, बोस्टन दुपारी साडेसहाने फेवरिट होतं, रात्री बघतो तर साडेचार, म्हणजे समोरच्या टीमची बाजू घ्यायची ना?" इंदूरच्या रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर खेळून झालं की पोरं मोबाईल काढतात आणि या ना त्या टीमचं नाव घालून हाच प्रश्न विचारतात. उत्तर बहुतेक वेळा "नाही" असं असतं. का नाही, ते नीट लिहून ठेवतो, कारण हे कळलं की लाइन वाचायची अर्धी विद्या आली.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे पैसे लावून हे करणं कायद्यात बसत नाही, इंदूर असो की पुणे. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा केंद्रीय कायदा झाला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, आणि त्यात पैशाचे ऑनलाइन गेम चालवणं, त्यांची जाहिरात करणं, बँकेने त्यांचे व्यवहार करून देणं, सगळ्यावर बंदी आली, चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. राज्यांचे जुने जुगार कायदे त्याच्या आधीपासून आहेतच. त्यामुळे व्हॉट्सॲपवर सट्ट्याचा "आयडी घ्या" म्हणून मेसेज टाकणाऱ्यांच्या नादी कोणी लागू नका, तिथे पैसे अडकले तर परत मिळायची खात्री नाही. मी हे सगळं वहीत करतो, कागदावर, एक रुपया न लावता, आणि खरं सांगतो, बास्केटबॉल समजायला यासारखी दुसरी शाळा नाही. खाली जिथे जिथे "बाजू घ्या" असं लिहिलंय तिथे "वहीत लिहा" असंच समजा.

ज्यांना स्प्रेड माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. स्प्रेड म्हणजे फेवरिटने किती पॉइंटने जिंकायला हवं तो आकडा, त्यालाच लाइनही म्हणतात. बोस्टन -६.५ म्हणजे बोस्टनने ७ किंवा जास्त पॉइंटने जिंकलं तरच बोस्टनवाला बरोबर, ६ ने जिंकलं किंवा हरलं तर समोरचा +६.५ वाला बरोबर. आकडा पूर्ण असेल, समजा -६, आणि मॅच बरोबर ६ ने संपली तर पुश, पैसे परत. ओव्हरटाइम धरतात, हे बरेच जण विसरतात. ४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबईत एनबीएची भारतातली पहिली मॅच झाली ना, एनएससीआय डोममध्ये, तिथे इंडियाना पेसर्सने सॅक्रामेंटो किंग्जला ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ हरवलं. आता समजा त्या दिवशी पेसर्स -१.५ असते, तर मॅच पेसर्सची पण कव्हर, म्हणजे स्प्रेड धरून बरोबर ठरणं, किंग्जचं. जिंकणं वेगळं आणि कव्हर करणं वेगळं, हे डोक्यात पक्कं बसवा.

आता भावाकडे या. अमेरिकेत स्प्रेडचा नेहमीचा भाव -११० असतो, म्हणजे ११० लावले तर १०० मिळतात, दशांशात १.९१. यात बुकचा, म्हणजे लाइन काढून पैसे घेणाऱ्या कंपनीचा, कट लपलेला आहे. नाणं उडवून बाजू घेतली तर निम्म्या वेळा बरोबर याल आणि तरी हळूहळू खिसा रिकामा होईल, कारण बरोबरीत राहायलाच २१ पैकी ११ वेळा बरोबर यावं लागतं, म्हणजे ५२.४ टक्के. आणि बघा, लाइन हलायच्या आधी कधी कधी आकडा तोच राहतो आणि भाव हलतो, -५ चा भाव १.९१ वरून १.८३ होतो, म्हणजे तिकडचा -१२०. आता त्याच -५ साठी ५४.५ टक्के लागतात. पोरं म्हणतात "लाइन तर हललीच नाही", हलली रे बाबा, तू फक्त आकडा बघितलास.

मग एक पॉइंट हलला तर नेमका किती फरक पडतो? हा सगळ्यात कामाचा भाग आहे म्हणून जरा दमाने वाचा. एनबीएच्या मॅचचा शेवटचा फरक स्प्रेडपासून बराच इकडेतिकडे जातो, दहा-बारा पॉइंटने चुकणं ही रोजची गोष्ट. त्या पसाऱ्याचा हिशोब केला तर स्प्रेडच्या आसपासच्या एका पॉइंटची किंमत साधारण ३ टक्के, अर्ध्या पॉइंटची दीड टक्का. अमेरिकन फुटबॉलमध्ये ३ आणि ७ या आकड्यांना फार वजन आहे कारण तिथे स्कोअरच तसा होतो, बास्केटबॉलमध्ये असा कुठला जादूचा आकडा नाही. शेवटच्या मिनिटात मागे पडलेली टीम मुद्दाम फाउल करते, समोरचा फ्री थ्रो टाकतो, ४ चा फरक ६ होतो, ६ चा ८ होतो, मग कोणीतरी बझरला फुकटचा थ्री मारतो आणि परत ५. म्हणून "अर्ध्या पॉइंटने गेलं" असं रोज कोणी ना कोणी म्हणत असतो. पण त्या अर्ध्या पॉइंटसाठी भलता भाव मोजणं बास्केटबॉलमध्ये सहसा परवडत नाही.

आता ३ टक्के आणि ५२.४ टक्के शेजारी ठेवा. काही माहिती नसलेला माणूस ५० वर उभा आहे. त्याला आपल्या अंदाजापेक्षा एक पॉइंट चांगला आकडा मिळाला तर तो ५३ वर गेला, जेमतेम उंबरठा ओलांडला. अर्धाच पॉइंट मिळाला तर ५१.५, म्हणजे उंबरठ्याच्या बाहेरच. सगळा खेळ या एका-दीड पॉइंटमध्ये आहे.

म्हणून लाइन उघडायच्या आधी स्वतःचा आकडा काढून ठेवा, नाहीतर हललेली लाइन बघून डोकं तिच्या मागे पळतं. फार अवघड गणित नाही. दोन्ही टीमचं नेट रेटिंग घ्या, म्हणजे १०० पझेशनमागे (बॉल ताब्यात आल्यावरची एक पाळी म्हणजे एक पझेशन) किती पॉइंटने पुढे किंवा मागे असतात ते, एनबीएमध्ये एका मॅचला जवळपास तेवढीच पझेशन होतात म्हणून सरळ वजाबाकी चालते. समजा बोस्टन +५, समोरची टीम +२, फरक ३, बोस्टन घरी खेळतंय त्याचे दोन धरा, झाले ५. पूर्वी घरच्या मैदानाचे तीन-साडेतीन धरायचे, आता तेवढे राहिले नाहीत, दोन-अडीच पुरे. काल रात्रीही खेळून आलेल्या टीमचा एखाद पॉइंट कापा. कोण जखमी आहे ते वेगळं बघा. आला तुमचा आकडा, बोस्टन ५ ने.

आता वरचा प्रश्न परत घ्या. दुपारी समोरची टीम +६.५ मिळत होती, तुमच्या आकड्यापेक्षा दीड पॉइंट जास्त, म्हणजे साडेचार टक्के, ५४.५ वर उभे, बाजू घेण्यासारखी. रात्री ती +४.५ झाली. आता तुम्हाला पाच हवेत आणि साडेचारच मिळतायत, उलट अर्धा पॉइंट तुमचाच गेला. मग पलटून बोस्टन -४.५ घ्यायचं का? अर्धा पॉइंट मिळतोय, ५१.५, उंबरठ्याच्या खालीच. म्हणजे दोन्हीकडे काही नाही, मॅच सोडा. ज्याने दुपारी +६.५ घेतलं त्याच्यामुळेच तर लाइन खाली आली, त्याचं काम झालं, तुम्ही त्याच्या मागून +४.५ घेऊन त्याची बाजू घेता पण त्याचा भाव तुम्हाला मिळत नाही. टीम तीच, बाजू तीच, आणि तरी एकासाठी बरोबर आणि दुसऱ्यासाठी चूक.

लाइन हलते कशाने हे ओळखायला शिका, कारण प्रत्येक हालचालीला सारखं वजन नसतं. सगळ्यात मोठं कारण जखमी खेळाडूंची बातमी. एनबीएचा नियम आहे की टीमने सहसा आदल्या दिवशीच रिपोर्ट द्यायचा आणि मॅचच्या दिवशी तो अपडेट करत राहायचा, त्यात आउट, डाउटफुल, क्वेश्चनेबल, प्रोबेबल असं लिहिलेलं असतं. एखादा मोठा स्टार, म्हणजे डेन्व्हरच्या योकिचसारखा, अचानक आउट झाला तर पाच-सहा पॉइंटही हलतात, आणि तेही मिनिटभरात. आपण सोफ्यावर बसून बातमी वाचेपर्यंत आकड्याने ती वाचलेली असते. त्यामुळे "योकिच नाहीये, डेन्व्हरच्या विरुद्ध घेऊ" हा विचार बातमी आल्यानंतर निरुपयोगी आहे, बातमी येण्याआधी तुम्ही अंदाज बांधला असेल तरच त्याला किंमत. क्वेश्चनेबल असताना लाइन मधेच कुठेतरी अडकलेली असते, खेळला तर वर जाणार, नाही खेळला तर खाली, मधल्या आकड्यावर प्रत्यक्षात मॅच होतच नाही. तिथे हात लावायचा असेल तर तुमचं त्या खेळाडूबद्दल काहीतरी ठाम मत पाहिजे, नसेल तर थांबा.

आपल्या घड्याळाने सांगायचं तर हिवाळ्यात तिकडच्या पूर्व किनाऱ्याची दुपारची १ म्हणजे आपली रात्रीची साडेअकरा. संध्याकाळी ७ ची मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला. नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून त्यांचं घड्याळ एक तास पुढे असतं, मग मॅच आपल्याकडे एक तास आधी. लॉस एंजेलिसची घरची मॅच सकाळी आठ-नऊला, म्हणजे पोहे-जलेबीच्या वेळेला आरामात बघता येते. तर झोपायच्या आधी साडेअकरा-बाराला लाइन बघून ठेवायची आणि पहाटे उठल्यावर परत बघायची, बहुतेक मोठ्या हालचाली या दोन वेळांच्या मधे सापडतात.

दुसरं कारण जाणकारांचा पैसा, ज्यांना शार्प म्हणतात. लाइन उघडते तेव्हा बुक फार थोडी रक्कम घेतं, मॅच जवळ येईल तशी मर्यादा वाढवत जातं. छावणी मंडीत सकाळी दोन-चार पोती सोयाबीन आलं तेव्हाचा भाव आणि दुपारी ट्रॉल्या लागल्यावरचा भाव यात जो फरक असतो तसाच हा, पहिला भाव कच्चा आणि दुसरा पक्का. म्हणून ओपनिंगनंतर तासाभरात दोन पॉइंट हलले तर ते एखाद-दोन माणसांचं काम असू शकतं, पण मॅचच्या आधीच्या शेवटच्या तासात कुठल्याही बातमीशिवाय अर्धा-एक पॉइंट हलला तर त्यामागे मोठा पैसा आहे असं धरा. काही जण तर कच्च्या वेळेला मुद्दाम एका बाजूने थोडं लावून लाइन ढकलतात आणि मग मर्यादा वाढली की उलट बाजूने मोठं लावतात. म्हणून एकच बुक बघू नका, तीन-चार ठिकाणचे आकडे एका साइटवर शेजारी शेजारी दिसतात ते बघा, सगळे हलले असतील तर खरं, एकच हललं असेल तर थांबा.

तिसरं, पब्लिक. लेकर्स, वॉरियर्स, मोठी नावं, टीव्हीवरची मॅच, काल कोणी ४० ने जिंकलं असेल तर आज त्याच्यामागे झुंड. लोकांना फेवरिट घ्यायला आवडतं. बुक दोन्ही बाजूला पैसा सारखा करायला लाइन हलवतं असं सगळे सांगतात, ते अर्धंच खरं आहे, बुकला पब्लिकच्या पैशाची तेवढी भीती नसते जेवढी शार्पच्या पैशाची. म्हणून ७० टक्के लोक बोस्टनवर आणि लाइन मात्र बोस्टनकडून उलटी सरकतीय, असं दिसलं की लोक म्हणतात शार्प दुसरीकडे आहेत. असूही शकतं. पण ते ७० टक्के कुठल्या बुकचे, माणसं मोजली की रक्कम, हे तपासल्याशिवाय त्या स्क्रीनशॉटवर वहीत एक ओळही लिहू नका. आणि तेव्हाही प्रश्न तोच राहतो की आता उरलेला आकडा तुमच्या आकड्यापासून किती लांब आहे.

कारण सापडलं नाही की ग्रुपवर लगेच "फिक्स आहे" सुरू होतं. बास्केटबॉलमध्ये हे घडलेलं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे खेळाडू पकडले गेले, स्प्रेड पार होऊ द्यायचा नाही, यासाठी पैसे घेतले होते, आणि ही तीच टीम जिने आदल्याच वर्षी एनसीएए आणि एनआयटी या कॉलेजांच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकलेल्या. २००७ मध्ये रेफरी टिम डोनाघीचं प्रकरण निघालं, स्वतःच्याच मॅचवर लावायचा, पुढे १५ महिन्यांची शिक्षा झाली. २०२४ च्या एप्रिलमध्ये टोरांटोच्या जॉन्टे पोर्टरवर एनबीएने कायमची बंदी घातली, आपल्या तब्येतीची आतली माहिती सट्टा लावणाऱ्याला दिली म्हणून. पण ही प्रकरणं तपास झाल्यावर सिद्ध झाली, लाइनचा एक स्क्रीनशॉट बघून नाही. बहुतेक वेळा न समजलेली हालचाल म्हणजे आपल्याला न मिळालेली साधी बातमी असते. आणि टेलिग्रामवर "फिक्स मॅच" विकणारा सरळ ठग आहे, त्याला खरंच माहीत असतं तर त्याने ते पाचशे रुपयांना तुम्हाला विकलं नसतं.

मग कधी घ्यायचं, आधी की नंतर? माझं मत असं की फेवरिट पसंत असेल आणि ती लोकांची लाडकी टीम असेल तर लवकर, कारण लोक येऊन तिला अजून महाग करतील. लाडक्या टीमच्या विरुद्ध बाजू पसंत असेल तर थांबा, +६ चा +७ होऊ द्या. पण जखमी खेळाडूचा निकाल बाकी असेल तर हा नियम बाजूला ठेवा. आणि ठरवलेल्या आकड्याच्या पुढे लाइन गेली तर सोडून द्या, हे सगळ्यात कठीण पडतं, पोरं म्हणतात "अर्ध्या पॉइंटने काय होतं", वर हिशोब केलाय काय होतं ते.

एक गंमत मिडलची. तुम्ही लवकर -३.५ लिहिलं आणि लाइन -६.५ ला गेली, तर आता उलट बाजू +६.५ सुद्धा लिहा. फरक ४, ५ किंवा ६ आला तर दोन्ही बरोबर. दोन्हीकडे ११०-११० धरले तर मधे आल्यावर २०० मिळतात, नाही आल्यावर १० जातात, म्हणजे २१ मॅचमध्ये एकदा जरी मधे आली तरी बरोबरी. तीन आकड्यांचा मिडल साधारण नऊ-दहा टक्के वेळा लागतो, त्यामुळे तो चांगला. पण -४.५ आणि +५.५ चा, म्हणजे फक्त ५ आला तर, असा एका आकड्याचा मिडल तीनेक टक्क्यांचा, आणि लागतात ४.८, तो करू नका.

चालू मॅचमधल्या लाइनबद्दल थोडक्यात. तुमचा स्ट्रीम काही सेकंद मागे असतो. तुम्हाला रिबाउंड दिसतोय तोवर तिकडे बास्केट होऊन आकडा बदललेला असतो. बघा, शिका, पण तिथे निर्णय घेऊ नका.

वही कशी ठेवायची ते सांगतो. प्रत्येक मॅचला एक ओळ: तुमचा आकडा, लिहिताना मिळत असलेला आकडा आणि भाव, वेळ, का घेतलं ते चार शब्दात, मॅच सुरू होतानाचा शेवटचा आकडा, आणि मग निकाल. यातला शेवटचा आकडा, क्लोजिंग लाइन, निकालापेक्षा जास्त महत्त्वाचा, कारण तोवर सगळ्या बातम्या आणि सगळा मोठा पैसा त्यात आलेला असतो. तुम्ही +६.५ लिहिलं आणि बंद होताना +५ होतं, तर मॅच हरलात तरी निर्णय चांगला होता. उलट +४.५ लिहिलं आणि +६ वर बंद झालं तर जिंकलात तरी तो नशिबाचा भाग. निकालावर का भरवसा नाही? १०० मॅचमध्ये नुसतं नाणं उडवणाराही सहज ५५ बरोबर आणू शकतो, आणि लगेच स्वतःला पंडित समजायला लागतो. क्लोजिंग लाइनशी तुलना केली की ५० ओळींतच खरं काय ते दिसायला लागतं.

मार्चचा शेवट आणि एप्रिलची पानं मात्र वेगळी ठेवा. ८२ मॅच संपत आलेल्या असतात, तळाच्या टीमना ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडताना, वरचा पिक हवा असतो, सातव्या ते दहाव्या नंबरवाले प्ले-इनसाठी (प्लेऑफच्या शेवटच्या जागा ठरवणाऱ्या मॅच) जीव तोडून खेळतात, आणि २०२३-२४ पासून बक्षिसांसाठी ६५ मॅच खेळायची अट आली आहे त्यामुळे ज्याच्या ६५ झाल्या तो आरामाला मोकळा. तेव्हा आठ-दहा पॉइंटच्या उड्याही दिसतात आणि नेट रेटिंगवरून काढलेला आकडा तिथे चालत नाही, त्या दिवसांत कोण खेळणार आहे एवढंच आधी बघा आणि ते कळेपर्यंत ओळ कोरी सोडा.